परकर कोणी शिवला

—चुगली केली कोणीतरी, दुसरं काय! नाव नाही विचारत मी, मॅडम, तुम्ही सांगणार पण नाही. पण या इतवारीत ज्याच्या पोटात दुखते ना, ते दवाखान्यात नाही जात, सरळ तुमच्या कामगार ऑफिसात जाते. बसा ना, त्या गठ्ठ्यावरच बसा — परकर आहेत, टोचणार नाहीत. चहा सांगू? नाही? चहा पण नियमात नाही बसत का तुमच्या?

तं काय म्हणता — मी मालक. घरी बसून माझा माल शिवणाऱ्या बाया माझ्या मजूर. त्यांची नावं रजिस्टरात लिहा, कार्ड द्या, कोणाले लागलं-खुपलं तं इलाज करा. अहो, मजूर म्हणजे कोण? भोंगा वाजला का येते, भोंगा वाजला का जाते, मधात डबा खाते. शोधा, कुठं आहे माझ्याकडे भोंगा? मी कपडा कापतो, बाया नेतेत, शिवून आणतेत, बस. वरण शिजतवर दोन परकर होतेत त्यांचे. हौस आहे मॅडम, हौस! तुमच्या धरमपेठेतल्या बाया झुंबा करतेत, आमच्या बाया परकर शिवतेत — आता हौसेचं काय रजिस्टर ठेवू मी?

मशीन? हो, मशीन माझी — मोटर पण मीच बसवून दिली. पायानं चालवली तं माल कधी निघन? पण शेजाऱ्याले शिडी दिली म्हणून मी त्याचा मालक झालो का? अन् दिवसाचे चाळीस नग हे काही बंधन नाही हो — फक्त चाळीस नाही झाले तं मशीन उचलून दुसऱ्या घरी नेतो. काहून म्हणजे? रिकामी मशीन गंजते ना!

राहिलं ते सुईचं. कोण्या बाईच्या बोटातून मोटरची सुई आरपार गेली म्हणता — मी तं आत्ता तुमच्याच तोंडून ऐकून राहिलो. पस्तीस घरी माल जाते माझा. तिथं सासू शिवते, का सून शिवते, का भूत शिवते, मले काय माहीत? हा घ्या परकर. आहे यावर कोणाचं नाव? तुम्ही एवढ्या शिकलेल्या, सांगा मंग कोणी शिवला.

नाही सांगता येत ना? कसं येईन — परकर असा धरतेत का, पंचनाम्याच्या मुद्देमालासारखा! आणा इकडं. नाड्याच्या तोंडाशी बोट फिरवा — इथं. तीनदा मागं-पुढं टाका मारला आहे, लागला हाताले? असं अख्ख्या इतवारीत एकच बाई करते — प्रेमिला. कपडा फाटन, पण तिचं नाड्याचं तोंड नाही उसवणार. वीस वर्षं झाली, डोळे मिटून ओळखतो मी तिचा हात. हा दुसरा पहा, हा पण तिचाच — पण टाका डाव्या अंगाले सरकला आहे, दिसते? हा सुई लागल्यानंतरचा. पट्टी बांधलेल्या बोटानं कपडा दाबता नाही येत ना नीट. म्हटलं मी तिले दुसऱ्याच दिवशी — अवं प्रेमिला, घाईचा माल आहे, मधल्या बोटानं दाब, होते सवय —

काय लिहून राहिल्या?

नाही, मी कपड्याचं सांगून राहिलो होतो. शिलाईचं. खोडा ते, मॅडम. अहो, माणूस कौतुकानं दोन गोष्टी बोलते, अन् तुम्ही — खोडा ना!

बरं, मंग राहू द्या. गिऱ्हाइकाची वेळ आहे माझी, या तुम्ही. काय पाठवायचं ते लेखी पाठवा. अन् दारात कोण उभं आहे ते? प्रेमिला? आत्ता नाही वं, मागून ये! गठ्ठा ठेव तिथंच अन् जाय. अवं जाय म्हटलं ना — काय पाहिजे?

“काही नाही जी, भैय्याजी. बोटाची पट्टी बदलाले दवाखान्यात बोलावलं आहे — उद्या सुट्टी देता का?”