वहीतले पंधरावे नाव

पोलीस ठाणे पोर्ट ड्रेवर, राज्य व्हिक्टोरिया
दिनांक १९ जानेवारी, सोमवार, दुपारी २ वाजून १० मिनिटे

नाव : नोएलीन मार्गारेट डंकली. वय : ६४ वर्षे. शिक्षण : शालान्त परीक्षा उत्तीर्ण. धंदा : घरकाम. राहणार : ९, जेटी रस्ता, पोर्ट ड्रेवर.

मी समक्ष ठाण्यात येऊन, कोणी बोलावलेले नसताना, स्वखुशीने जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती क्लॅरेन्स ऊर्फ क्लॅरी, वय ६८, यांच्यासह राहते. केप हॅलोरन राष्ट्रीय उद्यानात दर उन्हाळ्यात, नाताळनंतरचे सहा शनिवार, ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून लोकांना चालत समोरच्या बेटावर नेतात. त्या दिवशी किनाऱ्यावर चहाचे टेबल आणि चालणाऱ्यांची वही मी सांभाळते. हे माझे बाविसावे वर्ष. जाताना प्रत्येकाचे नाव आणि वेळ मी लिहिते. परत आल्यावर ज्याने त्याने आपल्या हाताने सही करायची. सहीशिवाय चहा नाही. हा नियम माझा आहे व तो आजवर कोणासाठीही मोडलेला नाही. एका वर्षी बिशप आले होते. त्यांनीही आधी सही केली.

या उन्हाळ्यात उद्यानाची वनरक्षक म्हणून तेगन ब्लॅकस्टॉक, वय २४, ही मुलगी हंगामापुरती नेमलेली आहे. शनिवारी मी बेटावर राहून गेले ती तिच्या हलगर्जीपणामुळे, असा उद्यानाच्या वरच्या कार्यालयाचा समज झालेला आहे. आज चार वाजता तिने किल्ल्या परत करायच्या व चालण्याचा कार्यक्रम कायमचा बंद, असे मला दुपारी दुकानात पाव घेताना समजले. पाव तिथेच ठेवून मी इकडे आले. तरी घडले ते खरे असे की,

दिनांक १७ रोजी ओहोटी १२ वाजून ५० मिनिटांनी होती. तेगन ११ वाजून ४० मिनिटांनी चौदा लोकांना घेऊन निघाली. चौदाही नावे वहीत माझ्या अक्षरात आहेत. वही सोबत आणली आहे. निघण्यापूर्वी तिने सगळ्यांना दोनदा बजावले, की सव्वादोनच्या आत परत, नंतर पाणी कोणाचं ऐकत नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकले. म्हणजे मला माहीत नव्हते, असे मला म्हणता येणार नाही.

ते निघून गेल्यावर टेबलावर मिस्टर ओड्गर्स यांची हृदयाच्या गोळ्यांची डबी दिसली. मिस्टर ओड्गर्स हे वय ७९, आमच्या गल्लीत राहतात, व डबी दर वर्षी विसरतात. एरवी मी कोणाला तरी पाठवते. शनिवारी कोणी नव्हते. मी बूट काढले, मोजे बुटांत घालून बूट टेबलाच्या कापडाआड सारले, घड्याळ कप विसळण्यासाठी आधीच काढलेले होते ते कपांच्या खोक्यात राहिले, आणि एप्रनसकट पट्ट्यावरून निघाले. वेळ अंदाजे ११.५५.

पाणी घोट्याइतके होते. जबाब लिहून घेणारे कॉन्स्टेबल फीनी यांनी "मुद्द्यावर या" असे सांगितले. मुद्दा हाच आहे. पाणी घोट्याइतके होते, खालची वाळू पायाखाली कुरकुरत होती, दोन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये मी. बावीस वर्षांत १,९४६ माणसे मी त्या वाटेने पाठवली. स्वतः एकदाही गेले नव्हते. मी धावले. चौसष्टाव्या वर्षी. असे लिहावे.

बेटाच्या टोकाला मी त्यांना गाठले. मिस्टर ओड्गर्स मला पाहून म्हणाले, "अगं नोएलीन, तू इकडे? मग चहाचं कोण बघतंय? आज आम्हाला काय खारं पाणी पाजणार का?"

मी म्हटले, "आधी गोळी घ्या. मग बोला."

तेगन म्हणाली, "मिसेस डंकली, आल्याच आहात तर वरपर्यंत चला ना. मी येऊन वहीत तुमचं नाव घालीन."

मी म्हणाले, "नको गं पोरी. चहाच्या बंबात पाणी चढवायचंय. ही मी निघाले परत."

ती म्हणाली, "नक्की ना? सरळ जायचं हं, इकडेतिकडे कुठे नाही." मी नक्की म्हणाले. मी पट्ट्याच्या तोंडाशी असलेल्या दोरीच्या खांबापर्यंत पोचेस्तोवर ती जागची हलली नाही. मी वळून हात केला, तिनेही केला, मग ती लोकांना घेऊन टेकडी चढली. तिने याहून अधिक काय करायला हवे होते, हे वरच्या कार्यालयाने मला लेखी कळवावे.

ती दिसेनाशी झाल्यावर मी परत फिरले. पट्ट्याकडे नव्हे, बेटाकडे. पश्चिमेच्या पायवाटेने.

असे का केले, असे विचारले. सांगते. बावीस वर्षे लोक तिकडून येतात ते उन्हाने लाल होऊन, केसांत वाळू घेऊन, आणि एकमेकांचे बोलणे तोडत बोलतात. "नोएलीन, काय पाहिलं म्हणून सांगू!" म्हणतात. आणि मी म्हणते, आधी सही. मग ते सही करतात, केक खातात, आणि काय पाहिले ते एकमेकांना सांगतात. मला वाटले, दहा मिनिटे. दहा मिनिटांत बंब कुठे पळून जातो. म्हणजे मी तेगनशी खोटे बोलले. हे मी आमच्या चर्चच्या फादर मॅक्गिनींना पापकबुलीत अजून सांगितलेले नाही. आधी इथे सांगत आहे, कारण फादर चारच्या आत काही करू शकत नाहीत.

पश्चिमेला खडकांवर सील होते. मोजले, एकतीस. त्यांत सहा पिले. एक पिलू आईच्या अंगावर चढे आणि घसरून पाण्यात पडे, पुन्हा चढे. मी एका दगडावर बसले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा साडेबारा वाजले, सव्वादोनला अजून अवकाश आहे, असे मी धरले. उन्हाळ्यात आपण घड्याळे तासभर पुढे करतो हे ध्यानात राहिले नाही. माझ्या स्वयंपाकघरातले घड्याळ मी पुढे करीत नाही, मनातल्या मनात तास मिळवते. त्या दिवशी मनात सील होते.

पट्ट्यापाशी आले तेव्हा पट्टा नव्हता.

कमरेपर्यंत पाण्यात जाऊन पाहिले व परत फिरले. पलीकडच्या किनाऱ्यावर लोक दिसत होते. मिस्टर ओड्गर्सची लाल टोपी दिसत होती. त्यांनी माझ्या बंबाला हात घातलेला स्पष्ट दिसला. मी हाका मारल्या. वारा समोरून होता. तेगन वहीवर बोट ठेवून सह्या मोजत होती, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. चौदा नावे, चौदा सह्या. हिशेब चोख होता. वही लिहिणाऱ्या बाईने वहीत स्वतःचे नाव बावीस वर्षांत कधी घातले नव्हते, ही चूक वहीची आहे, म्हणजे माझी आहे. मी परत येऊन घरी गेले असेन असे तिला वाटले, कारण सरळ परत जाते असे मी सांगितले होते, आणि डंकलीबाईचा शब्द म्हणजे शब्द असे तिला गावात सगळ्यांनी सांगितलेले होते.

थोड्या वेळाने सगळे गेले. भीती वाटली का, असे विचारले. वीस मिनिटे वाटली. मग एप्रनच्या खिशात मेणकागदात अर्धा तुकडा केक व एक सफरचंद सापडले. केकचे दोन भाग केले, एक संध्याकाळसाठी ठेवला. जपमाळ घरी होती म्हणून बोटांवर जप केला. पाचवी फेरी होईपर्यंत भीती गेली होती, आणि मला सांगायला संकोच वाटतो पण खरे ते सांगते, की मला हसू येऊ लागले. संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती आणि मी एका बेटावर अनवाणी बसले होते.

माझ्या शोधाचे कारण दूध. ही माहिती पतींकडून समजली. क्लॅरी सातच्या सुमारास टेबल उचलायला गेले. मी चर्चमध्ये फुले लावत असेन अशी त्यांची समजूत. टेबलावर दुधाची दोन लिटरची बाटली अर्धी भरलेली, झाकण उघडे, उन्हात. ते तसेच गाडी वळवून या ठाण्यात आले आणि कॉन्स्टेबल फीनींना म्हणाले, "लाकलन, माझ्या बायकोचं काहीतरी झालंय."

"कशावरून म्हणता?"

"दूध उन्हात आहे."

"काका, विसरल्या असतील."

"तू तिला ओळखत नाहीस का रे? ती मेली तरी आधी झाकण लावून मरेल."

एवढे म्हणून ते इथल्या बाकावर बसले व बराच वेळ उठले नाहीत, असे मला सांगण्यात आले. क्लॅरी एरवी फार बोलत नाहीत.

कॉन्स्टेबलनी तेगनला फोन केला. तेगनने "मी त्यांना बेटावर पाहिलं होतं" असे आपणहून, एका क्षणात सांगितले. लपवले असते तर कोणाला कळले नसते. भरतीमुळे पट्ट्यावरून चालत येता येत नव्हते, व होडी आणून पाण्यात घालायला वेळ लागला.

आता यापुढचे मला कोणी मध्ये न थांबवता लिहून घ्यावे.

पावणेनऊला सूर्य बुडाला. मी झुडपांच्या कडेला गवतात बसले होते. आधी एक पक्षी आला. मटनबर्ड, काळपट, कावळ्याएवढा. मग पाच. मग समुद्राकडून काळा ढगच उठून आला असे वाटले, आणि तो ढग म्हणजे तेच. हजारो. दिवसभर समुद्रात मासे धरून आपापल्या बिळाकडे परत येत होते. त्यांना उडता येते, उतरता मात्र येत नाही. धप्प. धप्प. गवतात, झुडपात, एकमेकांवर. एक माझ्या मांडीवर आदळला, माझ्याकडे रागाने पाहिले, आणि माझ्या पायावरून तुरुतुरु चालत आपल्या बिळात शिरला. आणि मग जमिनीखालून पिले ओरडू लागली. मी बसले होते ती जमीनच बोलू लागली. बिळागणिक एक आवाज. आणि इतक्या हजारांत प्रत्येक जण आपल्याच बिळात जात होता. कोणी वही धरलेली नव्हती. मी मोठ्याने हसत होते आणि रडत होते आणि हात जोडलेले होते. चर्चमध्ये साठ वर्षे गेले. असे कधी झाले नाही. हे फादरना कळवू नये.

९ वाजून २५ मिनिटांनी होडी आली. तीत कॉन्स्टेबल फीनी व तेगन होते. कॉन्स्टेबल मोठ्या दिव्याचा झोत टाकत ओरडले, "मिसेस डंकली! हलू नका! मदत आली आहे!"

मी म्हणाले, "लाकलन, दिवा विझव आधी! पाखरं बुजतील. आणि ओरडतोस काय, खाली बस."

ते खाली बसले. तेगन पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "मी नीट मोजलं होतं हो. दोनदा मोजलं होतं." मी म्हणाले, "माहीत आहे. मी समोरून पाहत होते. आता गप्प बस आणि ऐक." आम्ही तिघे तिथे बारा मिनिटे बसलो. कॉन्स्टेबलच्या टोपीवर एक पक्षी उतरला. हे लिहायचे नाही असे कॉन्स्टेबलचे म्हणणे पडले. हे घडले आहे, म्हणून लिहावे. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत ते माझ्याकडे होते व खरे लिहायला त्यांना मीच शिकवले आहे. केकचा राहिलेला तुकडा तिघांनी वाटून खाल्ला.

मला कसलीही इजा झालेली नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही. दोष कोणाचा असे लिहायचेच असेल तर माझे पूर्ण नाव वर दिलेले आहे, स्पेलिंग तपासून घ्यावे.

पुरवणी, दुपारी ३.३५ : वरील मजकूर कॉन्स्टेबलनी वरच्या कार्यालयातील साहेबांना फोनवर वाचून दाखवला. मला एकीकडचेच बोलणे ऐकू आले ते असे. "होय सर. नाही सर, स्वतःहून आल्यात. होय, चहाच्या टेबलावरच्याच त्या. नाही सर, दबाव नाही, उलट मीच दबलोय. हो. हो. टोपीवरच, सर." मग ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सांगतो तिला."

तेगन बाहेर बाकावर मांडीत किल्ल्या घेऊन बसली होती. कॉन्स्टेबल दारातून म्हणाले, "ठेव त्या खिशात. शनिवारी लागतील." तिने किल्ल्या खिशात घातल्या. उठून आत गेली आणि चहा करू लागली. कार्यालयाची एक अट आहे. यापुढे वहीत पहिले नाव वही लिहिणाऱ्याचे घालायचे. अट मला मान्य आहे. १७ तारखेच्या पानावर मी आत्ता, कॉन्स्टेबलच्या समोर, पंधरावे नाव घातले आहे. निघाल्याची वेळ सकाळी ११.५५, परतीची रात्री १०.०५. पुढच्या शनिवारच्या पानावर पहिल्या ओळीत नोएलीन डंकली आणि दुसऱ्या ओळीत क्लॅरी डंकली लिहिले आहे. क्लॅरींना अजून विचारलेले नाही.

हा मजकूर कॉन्स्टेबलनी सावकाश मोठ्याने वाचला, मी कान देऊन ऐकला, माझ्या तोंडचा आहे व खरा आहे. वाचन चालू असताना तेगनने चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. मी तो बाजूला सारला. आता सही करीत आहे.

(सही) नोएलीन एम. डंकली

समक्ष : कॉन्स्टेबल लाकलन फीनी. साक्षीदाराने सही केली. नंतर चहा घेतला.