यमुनेत न बुडलेली अरुणा

...आणि वर तिलाच विचारतात हो, "मावशी, यमुनेत उडी घेताना मनात काय आलं?" अहो, काय येणार डोंबल? जी बाई तुमच्यासमोर उभी राहून पोहे वाढतेय, सिलिंडर संपत आलाय म्हणून जिचा जीव खालीवर होतोय, ती बुडलेली असेल का? पण नाही! अरुणाताईंनी सांगावं, "अहो, मी उडीबिडी कधी मारली नाही," की समोरचा माणूस तोंड एवढंसं करून म्हणणार, "पण पुस्तकात तर असं नाहीये!"

तुम्हाला सांगतो, या एका पुस्तकानं त्या बाईचं जिवंतपणी तेरावं घातलं. झालं काय... अरुणाताईंचे वडील सेंट्रल गव्हर्न्मेंटमध्ये, घर दिल्लीत करोल बागेत, आणि वरच्या खोलीत भाडेकरू श्यामकांत. हाही सरकारी नोकर, पण कपाळावर केस, खिशात कविता आणि पोटात रोज अरुणाताईंच्या आईच्या हातची आमटी. या गृहस्थानं पुढं कादंबरी लिहिली. नायिका वैजयंती, घर करोल बागेत, गालावर तीळ... तीळसुद्धा सोडला नाही हो मेल्यानं! ही वैजयंती वरच्या खोलीतल्या कवीवर जीव टाकते, बाप तिला एका दारुड्या बिजवराच्या गळ्यात बांधतो, आणि ती कवीचं नाव घेत यमुनेत उडी टाकते. गाजली! एम.ए.ला लागली! पिढ्यान् पिढ्या रडल्या!

आता खरं ऐका. अरुणाताईंचं श्यामकांतावर काडीचं प्रेम नव्हतं. त्यांचं प्रेम ढगांवर. गच्चीत जाऊन तासन् तास आभाळ बघायच्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्या, हवामान खात्यात निवड झाली, पहिलं पोस्टिंग श्रीनगर! पेढे वाटून झाले, ट्रंक भरली, स्वतःच्या हातानं जाड बाह्यांचा स्वेटर विणून ठेवला. बापसुद्धा राजी होता, बोला! आणि त्या दिवशी जेवताना हा श्यामकांत आमटी भुरकत म्हणतो कसा, "काका, मी आपला सांगतो हं... माझी सख्खी बहीण असती तर मी नसतं पाठवलं."

खलास! वडिलांचा घास हातात. "खरंच की, मुलीच्या जातीनं पाऊस मोजायला काश्मीरला जायचं?" ट्रंक उघडली, साड्या परत कपाटात. आणि स्वेटर? आईनं तो त्या हिवाळ्यात श्यामकांताला देऊन टाकला, पोरगं थंडीत कुडकुडतंय म्हणून! कादंबरीत काय आहे माहितीये? वैजयंतीनं रात्र रात्र जागून प्रियकरासाठी विणला! अरुणाताई म्हणतात, "तो माझा होता हो, श्रीनगरसाठी," तर लोक म्हणतात, "पण पुस्तकात तर असं नाहीये!"

बरं, नवरा मिळाला तो इंद्रजित. देवमाणूस. खोकल्याच्या औषधापलीकडे बाटली माहीत नाही. पण गणेशोत्सवाला मंडळात गेला की बायका त्याच्याकडे असं बघायच्या, जणू आत्ताच कुणाला तरी पट्ट्यानं मारून आलाय! शेवटी कंटाळून दोघांनी गुडगावला फ्लॅट घेतला. नव्वदीतलं गुडगाव हो! बाल्कनीतून सरसोची शेतं, लिफ्ट बंद, पाण्याला टँकर... पण मराठी माणूस औषधाला नाही. अरुणाताई म्हणाल्या, "चलो, इथं तरी मला जगू देतील."

कसले देतात! केबल आली ना घरोघर! एका चॅनलनं त्याच कादंबरीची हिंदी सीरियल काढली. शेजारच्या खुरानाबाई गालावरचा तीळ ओळखून धावत आल्या, "हाय राम, आंटीजी, आप तो मर गई थीं ना?" आणि पोटची मुलगी तनया, दिल्लीत वाढलेली, मराठी अक्षर लावताना अडखळणारी, ती हळूच विचारते, "आई, सच बता ना... तू बाबांबरोबर खूश नाहीयेस?" ते मात्र बाईंना लागलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीसमोर, स्वतःच्या सुखाची साक्ष द्यायची? तनया म्हणाली, "यार आई, पण स्टोरीत तर..." पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल!

तेवढ्यात श्यामकांताचा सत्कार निघाला, कस्तुरबा गांधी मार्गावर, हॉलमध्ये. अरुणाताई म्हणाल्या, आज सोक्षमोक्ष. इस्त्रीची साडी नेसून गेल्या. भाषणं झाली, त्या तडक त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. "श्यामकांत, मी गच्चीत ढग बघायला जायचे. तुम्हाला नाही. आणि माझं श्रीनगर तुम्ही मोडलंत."

म्हाताऱ्यानं गळ्यातला हार सावरला. म्हणाला, "श्रीनगर? कुठलं श्रीनगर? अरुणा, तू तर... अगं, पण पुस्तकात तर असं नाहीये!"

आणि तुम्हाला सांगतो, तो खोटं बोलत नव्हता हो! खोटं बोलत असता तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. त्याला आठवतच नव्हतं! तिचं अख्खं आयुष्य एका वाक्यात मोडलं, आणि त्याला ते वाक्य लिहून ठेवण्याइतकंही महत्त्वाचं वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आणून तिचा हात हातात घेऊन बसला. आणि लोक? लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, भेट झाली!

मग बाहेर पुस्तकाच्या टेबलापाशी बाईंभोवती ही झुंबड. सही द्या, सही द्या! अरुणाताई दमल्या होत्या. बसल्या, पेन घेतलं, पहिल्या प्रतीवर नीट, वळणदार अक्षरात लिहिलं, 'अरुणा'. ज्या बाईंचं पुस्तक होतं त्यांनी वाकून बघितलं आणि कळवळून म्हणाल्या, "अहो, हे कुणाचं नाव घातलंत? नवीन कोरी प्रत खराब झाली ना!"

अरुणाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मागची रांग बघितली. आपलं नाव खोडलं, खाली लिहिलं 'वैजयंती', आणि म्हणाल्या, "सॉरी हं. पुढे कोण?"