‘पाव’ नावाची फाइल

सिएनफ्युएगोस शहरातल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात शिरताच यानेलिसने, तिथे कुठल्याही रांगेत विचारतात तसं, विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," बाकावरचे आजोबा म्हणाले. तिने त्यांच्यामागचा नंबर धरला. पंखा संथ फिरत होता, तिचे डोळे मिटायला लागले. तेवढ्यात दुकानदाराने आजोबांना हाक मारली.

"आजोबा, तुमचा कॉम्प्युटर काही आता चालू व्हायचा नाही. पण त्यातली डिस्क काढून माझ्या मशीनला जोडलीय."

"फायली आहेत ना?"

"आहेत की! कुठली हवी?"

"‘पाव’ नावाची. एदेल्मिराचा आवाज आहे त्यात."

"बायकोचा आवाज पावात ठेवलात?"

"पावाच्या रांगेत उभा राहून नवा रेकॉर्डर तपासत होतो रे. तेवढ्यात ती आली. चार महिन्यांनी गेलीच."

"लावू?"

"लाव. हळूच लाव."

खरखर झाली. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग धापा टाकत आलेल्या बाईचा आवाज, अगदी दारातून यावा तसा:

"शेवटचं कोण?"

"मी!" अर्धवट झोपेतच यानेलिसचा हात वर गेला.

दचकून तिने डोळे उघडले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबा सावकाश वळले.

"मग ती तुझ्यामागे, पोरी. जाताना तिला सांगून जा हं. तिचा नंबर हुकायला नको."