स्कॉचचा धूर

आपला रमेशभाऊ माहितीये ना, दोंडाईच्याचा, मेहरूणला माझ्या शेजारी राहतो तो? मिरचीचा व्यापारी. माल हुंगून पारखायचा, पण कोरोनात त्याला वास येणंच बंद झालं. पोराच्या भरवशावर धंदा चालू होता.

परवा माझ्या भाच्यानं अमेरिकेहून बर्बन, राय आणि स्कॉच अशा तीन व्हिस्की आणल्या. कोणती सगळ्यात भारी ते ठरवायला आम्ही तिघं गच्चीवर बसलो. बर्बन गोडसर निघाली, राय जरा तिखट. रमेशभाऊला काहीच फरक कळेना, तो नुसता सोबतीला घोट घेत होता. म्हणाला, "माले तं बठ्ठं पाणीच शे."

मग स्कॉच ओतली. ग्लास तोंडाशी नेताच तो थबकला.

"काय जळी राह्यनं रे?"

मी धावत खाली जाऊन आलो. गॅस बंद होता. भाचा हसत म्हणाला, "मामा, या स्कॉचलाच धुराचा वास असतो!"

आणि एकदम आम्ही दोघं रमेशभाऊकडे वळलो. रमेशभाऊनं पुन्हा हुंगलं. त्याचे डोळे भरून आले.

"वास ई राह्यना रे!"

मी ती बाटलीच त्याच्या हातात दिली. त्यानं तिला कपाळ टेकवलं, खाली ठेवली आणि चपला शोधायला लागला.

"अरे, कुठे चाललास?"

"घर! आज भरीत शे."