साडेएकवीस की तेवीस

(डोळ्यांचा दवाखाना, सकाळ. ऑपरेशनच्या खोलीबाहेर संगणकाचं टेबल. समोर डॉक्टरीण आणि दवाखान्याचे संगणक सांभाळणारे त्यांचे धाकटे दीर.)

डॉक्टर : तेवीस? भाऊजी, लेन्सचा हा आकडा पुन्हा काढा.

दीर : दोनदा काढला, वहिनी. मशीनला कंटाळा येत नाही, मला येतो.

डॉक्टर : आतल्या याच बाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मी गेल्या महिन्यात काढला. साडेएकवीसची लेन्स बसवली. दोन्ही डोळ्यांची मापं जवळपास सारखी, मग डाव्याला तेवीस कुठून आले?

दीर : प्रोग्राम म्हणतोय.

डॉक्टर : आत टेबलावर प्रोग्राम झोपलेला नाही.

सिस्टर : मॅडम, डोळा बधिर झालाय. कितीची लेन्स काढू?

डॉक्टर : पाच मिनिटं. त्यांच्याशी बोलत राहा, घाबरतील नाहीतर. हं, भाऊजी. काय सापडलं?

दीर : मशीनवर त्या प्रोग्रामची दोन व्हर्जन आहेत. जुनं आणि नवं.

डॉक्टर : एकाच प्रोग्रामची दोन?

दीर : प्रोग्राम आणून ठेवायला पॅकेज मॅनेजर असतो. कोठीवालाच म्हणा. नवं आणतो, पण जुनं फेकत नाही, मागे सरकवतो. आपण नावाने हाक मारली की पुढे उभा असेल तो येतो.

डॉक्टर : आणि पुढे नवा उभा आहे. मागच्याला बोलवा.

दीर : व्हर्जनच्या पूर्ण नंबरासकट बोलवावं लागतं... हा घ्या. साडेएकवीस.

डॉक्टर : दीड नंबरचा फरक! कशाने?

दीर : हिशेबात धरायचा तुमचा तो आकडा...

डॉक्टर : अकरा वर्षं एकेका पेशंटचा निकाल बघून घासत घासत बसवलेला?

दीर : तो जुन्याच्या फोल्डरमध्ये राहिला. नव्याने कंपनीचा आयता आकडा धरला.

डॉक्टर : सिस्टर, साडेएकवीस काढा. मी हात धुऊन आलेच. नवं कधी टाकलंत?

दीर : आजच. सकाळी, तुम्ही यायच्या आधी. थांबा, एका कमांडमध्ये उडवून टाकतो त्या नव्याला, काही मागमूस राहणार नाही.

डॉक्टर : कीबोर्डवरून हात काढा.

दीर : अहो, पण...

डॉक्टर : तुमचा कोठीवाला माल कधी आला ते लिहून ठेवतो?

दीर : ठेवतो.

डॉक्टर : वाचा. मोठ्याने.

दीर : ...सोमवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

डॉक्टर : आज गुरुवार. मधे मी किती डोळे केले?

दीर : तीन.

डॉक्टर : कोणाकोणाचे?

दीर : कोपऱ्यावरचे शिंपी. ते बसड्रायव्हर. आणि...

डॉक्टर : आणि?

दीर : आई.

डॉक्टर : परवापासून त्या सांगतायत. पेपर झकास वाचता येतो, पण दारात कोण उभं आहे ते कळत नाही. मी काय म्हटलं?

दीर : सवय होईल म्हणालात.

डॉक्टर : सगळ्यांदेखत. आणि तुम्ही हसलात.

दीर : तेव्हा मला कुठे ठाऊक होतं! आत्ता साडेएकवीस आलं आणि आई आठवली.

डॉक्टर : आणि तोंडातून ‘आजच’ आलं.

दीर : तुम्ही आत सुरी धरणार होतात. म्हटलं, हात हलायला नको.

डॉक्टर : माझा हात हललेला नाही, भाऊजी. मी चोख हाताने तीन चुकीच्या लेन्स बसवल्यात.

दीर : बदलता येतात ना?

डॉक्टर : लवकर केलं तर येतात. ड्रायव्हर येत्या सोमवारपासून कामावर जाणार होते. त्यांना आत्ता फोन लावा. बस काढू नका, चूक आमची आहे, आज तपासायला या. एवढंच. सिस्टिमवर ढकलायचं नाही. मग शिंप्यांना.

सिस्टर : मॅडम, सगळं तयार आहे.

डॉक्टर : आले.

दीर : वहिनी, आईला फोन मी करू?

डॉक्टर : त्यांना फोन नको. संध्याकाळी दोघं घरी जाऊन सांगू. दारातूनच आवाज द्या, नाहीतर कोण आलंय ते कळायचं नाही त्यांना.