खाचेतलं कार्ड

...नाही, पण मी म्हणतो, कार्ड तिथंच आहे, खाचेत आहे, माझ्या बोटाला लागतंय, आणि लॅपटॉप म्हणतो, 'असं कुठलंही कार्ड आढळलं नाही!' अरे, तुझ्या बरगडीत खुपसलंय की ते! आणि मागून आमच्या हिचा शांत आवाज, 'अहो, चाललं होतं ना नीट?'

चाललं होतं हो! तुम्हाला सांगतो, हिचं भरतकामाचं मशीन आहे, जुनं पण दणकट. लॅपटॉपवरून नक्षी पाठवायची, मशीन ती कापडावर उतरवणार. पण मशीनची वायर जुन्या पद्धतीची, लॅपटॉपला थेट लागत नाही, म्हणून बाजूच्या खाचेत हे कार्ड आणि कार्डात ती वायर. तक्रार एकच, लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की ही बटण दाबून दोऱ्याच्या बॉबिन भरायला बसायची, त्या सगळ्या भरून व्हायच्या, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. आता ही तक्रार तिची होती का? छे, माझी! मी मशीनला हात तरी लावतो का? पण माझा मेहुणा, हिचाच भाऊ, कॉम्प्युटरवाला, आला आणि म्हणाला, 'भाऊजी, विंडोज काढून लिनक्स टाका हो, पळेल नुसता!' टाकलं. पळाला! बटण दाबलं की हजर. फक्त कार्ड मागे राहिलं.

आणि वेळ कुठली? हिची पहिली मोठी ऑर्डर! नवं हॉटेल, ढीगभर नॅपकिन, प्रत्येकावर हॉटेलचं नाव. मॅनेजरचा फोन, 'घाई नाही हं ताई, फक्त शनिवारी उद्घाटन आहे!' ही नॅपकिन मांडीवर घेऊन स्टुलावर बसून. ओरडली असती ना, तर बरं वाटलं असतं. ती नुसती घड्या घालत होती!

मेहुण्याला फोन केला. 'भाऊजी, ड्रायव्हर बघा!' ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि लॅपटॉप यांच्यातला मध्यस्थ. तो मी हातानं उठवला की कार्ड सापडायचं. पण मी कामावर गेल्यावर हिनं काय करायचं? म्हणून स्क्रिप्ट लिहिली, लॅपटॉपनं उठल्या उठल्या आपणहून करायच्या कामांची. तर स्क्रिप्ट पोचली आधी, कार्ड अजून झोपलेलं! इंटरनेटवर विचारलं, एक म्हणतो, 'मॅन्युअल वाचलंत का?' दुसरा म्हणतो, 'माझ्याकडे तर चालतं.' अरे शहाण्या, माझ्याकडेही चाललं होतं ना नीट! तिसऱ्यानं सांगितलं, ड्रायव्हरला आपोआप उठू देऊ नका, स्क्रिप्टला उठवू द्या. तसं केलं. पण स्क्रिप्टला मीच आधी बजावून ठेवलेलं, कार्ड दिसल्याशिवाय हलायचं नाही! म्हणजे ड्रायव्हर थांबलाय स्क्रिप्टसाठी, स्क्रिप्ट थांबलीय कार्डासाठी, कार्ड थांबलंय ड्रायव्हरसाठी... आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही! दारातच अडलेत सगळे, आणि इकडे शनिवार येतोय!

शेवटी ते सगळं खोडलं, ड्रायव्हरला त्याचा तो उठू दिला, आणि स्क्रिप्टमध्ये वर एकच ओळ घातली: बाबा रे, जरा थांब. थोडं थांबवलं, कार्ड उठेना. आणखी थांबवलं, तरी उठेना. वाढवत गेलो, वाढवत गेलो... आणि सापडलं! मशीन खडखडलं, पहिल्या नॅपकिनवर नाव असं सुबक उतरलं, की मला भरूनच आलं. ऑर्डर वेळेत गेली, मॅनेजर खूश.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून उभा. हिनं बटण दाबलं. लॅपटॉप थांबला. थांबलाय... थांबलाय... ही उठली, बॉबिन भरायला बसली. सगळ्या भरून झाल्या, आणि मग कामाला लागला.

'आधीही एवढाच वेळ लागायचा की हो,' ही म्हणाली. 'चाललं होतं ना नीट?'

म्हटलं, चाललं होतं. तसंच परत चालवायला मला अख्खा आठवडा लागला!