दीनाबाईचा पेला

मंडळी, झांजा जरा खाली ठेवा आणि मला सांगा — प्रभूच्या मेजावर उष्टं असतं का हो? लगेच मान हलवू नका, विचार करा!

साहेबांच्या राज्यातली गोष्ट. नगरकडच्या एका मिशनच्या गावात प्रभुभोजनाला, जिथं येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं, तिथं दोन पेले असत. चांदीचा पेला पुढे खुर्च्यांवरच्या गोऱ्यांना, पितळी पेला सतरंजीवरच्या आपल्या माणसांना. द्राक्षरस मात्र एकाच बाटलीतला, बरं का! आणि तिथल्या मिशनरी साहेबांचा उपदेश काय? — तारण कृपेनं, कातडीनं नव्हे! वा साहेब! हसताय? हसा हसा, तुमचीही पाळी यायचीय.

त्या सतरंजीवर दीनाबाई बसायची. साहेबांची मडम बाळंतपणात गेली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या लेकीला, विनीला, या दीनाबाईनं अंगावर पाजलं — आपल्या लेकराच्या जोडीनं! विनी मोठी झाली, शिकायला विलायतेला गेली. दीनाबाई म्हातारी झाली. देवाकडे एकच मागायची, "बाबा, मरायच्या आत माझ्या विनीसंगं एका पेल्यातनं घेऊ दे." एवढंसं मागणं! पण लोकांनी तिला वेड्यात काढलं.

विनी परतली. रविवारी देवळात आली. बापानं खुर्ची पुढे केली. दीनाबाईनं मान खाली घातली, बघवेना बिचारीला. आणि मंडळी, विनी आली ती थेट सतरंजीवर! झगा सावरून दीनाबाईच्या मांडीला मांडी लावून बसली! साहेब लालबुंद. उपासना चालवणारे पाळक घुटमळले, मग पितळी पेला घेऊन आले.

आधी दीनाबाई प्याली. आणि काय केलं म्हातारीनं? पदर घेतला नि पेल्याची कड पुसायला लागली! आपलं उष्टं मडमेला लागू नये म्हणून! जिला दूध पाजलं, तिला! कुणी शिकवलं हो तिला हे?

विनीनं तिचा हात धरला. "पुसू नकोस, आई."

"अगं बाई, माझं तोंड लागलंय त्याला!"

"म्हणूनच दे."

आणि म्हातारीचे ओठ टेकले होते, तिथूनच ती प्याली. दीनाबाई भर देवळात हमसून हमसून रडली. मला सांगतानासुद्धा भरून येतं, काय करू!

साहेब गेले, मंडळी. खुर्च्याही गेल्या. आता आपण सगळे एकाच सतरंजीवर. पण लेकीला स्थळ आलं की हळूच विचारतो — "ख्रिस्ती आहेत हो, पण मूळचे कोण?" विचारतो की नाही? आता का गप्प बसलात?

पुढच्या रविवारी पेला हातात आला, की शेजारच्याकडे बघा. त्याच्या घरी लेक द्यायला मन धजतंय का, विचारा स्वतःला. धजत नसेल, तर पेला ओठाला लावू नका!